मंगळावर किती वाजले? आधी सांगा, कोणत्या सूर्याने?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मंगळावरची वेळ आणि ऊन दाखवणारा ‘मार्स२४’ हा प्रोग्रॅम संगणकावर टाकला. एकाच ठिकाणासाठी तो दोन वेळा दाखवतो आणि त्यांत कधीकधी अर्ध्या तासाहून जास्त फरक असतो. म्हणून तेच गणित वापरून स्वतःचं छोटं घड्याळ लिहिलं. त्यात नासाची क्युरिऑसिटी ही फिरती गाडी (रोव्हर) मंगळावर उतरली तो क्षण आणि तिथला रेखांश १३७.४४ घातला, तर रात्रीचे पावणेनऊ आले. बातम्यांत मात्र ती दुपारी उतरल्याचं म्हटलंय. कुठे चुकलं, आणि मार्स२४ मधली कोणती वेळ खरी धरायची?

पावणेनऊ हा आकडा वाचल्यावरच तुमची चूक कळली, कारण मी स्वतः एकदा अगदी तीच केली होती. त्याकडे येतोच. मार्स२४ च्या दोन्ही वेळा बरोबर आहेत. त्या दोन वेगळ्या सूर्यांच्या वेळा आहेत, एवढंच.

हा प्रोग्रॅम नेमकं काय करतो ते आधी सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. नासाच्या गोडार्ड इन्स्टिट्यूट फॉर स्पेस स्टडीजमध्ये रॉबर्ट श्मंक यांनी तो जावामध्ये लिहिला. मंगळाचा नकाशा, त्यावर दिवस-रात्रीची सीमा, निवडलेल्या ठिकाणची वेळ, पृथ्वी आणि मंगळ आपापल्या कक्षेत कुठे आहेत, तिथल्या आकाशातून सूर्य कसा जातो, हे सगळं त्यात दिसतं. पण मंगळावरून त्याच्याकडे काहीही येत नाही. तो तुमच्या संगणकाचं घड्याळ वाचतो आणि बाकी सगळं गणिताने काढतो. संगणकाची वेळ पाच मिनिटं पुढे असेल तर मंगळही पाच मिनिटं पुढे. हे गणित मायकेल ॲलिसन आणि मेगन मॅकएवन यांनी २००० साली प्रसिद्ध केलं. दहा-बारा ओळींत मावतं, म्हणूनच माझ्या-तुमच्यासारख्यांना ते स्वतः लिहून बघायचा मोह होतो.

मंगळाचा एक सौरदिवस, म्हणजे सोल, आपल्या २४ तास ३९ मिनिटं ३५.२४४ सेकंदांचा. प्रथा अशी आहे की त्याचेही २४ तास, तासाची ६० मिनिटं आणि मिनिटाचे ६० सेकंद करायचे. साहजिकच तिथला प्रत्येक सेकंद आपल्या सेकंदापेक्षा पावणेतीन टक्क्यांनी लांब होतो. कागदावर हे निरुपद्रवी वाटतं. माझ्या पहिल्या घड्याळात पडदा दर सेकंदाला ताजा होत होता आणि साधारण दर ३७ सेकंदांनी काटा एका सेकंदावर अडकल्यासारखा दिसायचा. टायमर बिघडला असं समजून दोन संध्याकाळी वाया घालवल्या. टायमर ठणठणीत होता. आपल्या एका सेकंदात मंगळाचा सेकंद ०.९७३ इतकाच सरकतो, तूट साठत जाते आणि एक आकडा दोनदा दाखवला जातो. पडदा दर १०२७.५ मिलिसेकंदांनी ताजा केला की काटा सुरळीत चालतो. पण दर वेळी मागच्या वेळेत एक मिळवत बसू नका. प्रत्येक वेळी संगणकाच्या घड्याळापासून नव्याने हिशोब करा, नाहीतर संगणक झोपेतून उठला की मंगळ मागे राहतो.

आता तुमचंच उदाहरण आकड्यांनिशी करू. क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ ला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०५:१७:५७ ला उतरली. आधी याचा ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, काढायचा. तो यूटीसीत ठेवून चालत नाही, त्यात पार्थिव काळाचा (खगोलगणितातल्या एकसारख्या चालीच्या वेळेचा) फरक मिळवावा लागतो: ३२.१८४ सेकंद अधिक तोवर साठलेले लीप सेकंद, म्हणजे यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद. तेव्हा लीप सेकंद ३५ होते, म्हणजे एकूण ६७.१८४. (२०१७ पासून ते ३७ आहेत, एकूण ६९.१८४.) मिळालेला दिनांक २४५६१४५.७२१५८. यातून २४०५५२२.००२८७७९ वजा करा आणि १.०२७४९१२५१७ ने भागा. उत्तर ४९२६९.२४५४७. हा मंगळाचा सौर दिनांक, २९ डिसेंबर १८७३ पासून उलटलेले सोल. अपूर्णांकाला २४ ने गुणलं की मंगळाच्या शून्य रेखांशावरची मध्यम वेळ येते: ०५:५३:२८.

या शून्य रेखांशाबद्दल थोडं विषयांतर. पृथ्वीवरची ग्रिनिचची रेषा जॉर्ज एअरी यांच्या दुर्बिणीवरून ठरली. मंगळावर त्यांच्या नावाचं एक विवर आहे आणि त्या विवराच्या आत ‘एअरी-०’ नावाचं अर्धा किलोमीटरचं छोटं विवर आहे. मंगळाची शून्य रेषा तिथून जाते असं ठरलं. दोन ग्रहांची रेखांशगणना एकाच माणसाच्या नावाला येऊन टेकते, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

परत हिशोबाकडे. गेल विवरातली उतरण्याची जागा १३७.४४ अंश पूर्व. पंधरा अंशांना एक तास, म्हणजे ९ तास ९ मिनिटं ४६ सेकंद. पूर्वेकडे सूर्य आधी उगवतो म्हणून मिळवायचे: १५:०३. दुपारचे तीन, बातमीत होते तेच. तुम्ही मिळवण्याऐवजी वजा केलेत. ०५:५३ मधून ९:१० गेले की आदल्या सोलचे २०:४३ उरतात, तेच तुमचे पावणेनऊ. दोष तुमचाही नाही. ॲलिसन-मॅकएवन यांची सूत्रं पश्चिम रेखांश धन धरतात. मरिनर-वायकिंग या जुन्या मंगळमोहिमांच्या काळातले नकाशेही पश्चिमेकडे वाढणारे रेखांश दाखवतात. नंतरच्या मोहिमांनी पूर्व रेखांश घेतले आणि बातम्यांत, विकिपीडियावर तेच येतात. सूत्र एका पिढीचं आणि आकडा दुसऱ्या पिढीचा. तुमच्या सूत्रात १३७.४४ ऐवजी २२२.५६ घाला, काम झालं. अक्षांशांचेही असेच दोन प्रकार आहेत, पण त्यांतला फरक जास्तीत जास्त एक तृतीयांश अंश. घड्याळाला त्याने काही होत नाही.

मार्स२४ च्या दोन वेळांची मुळं मात्र खोलवर आहेत. जुन्या पंचांगगणितातले दोन शब्द इथे नेमके बसतात: मध्यम सूर्य आणि स्पष्ट सूर्य. मध्यम सूर्य हा कल्पित, वर्षभर एकाच चालीने चालणारा. घड्याळ त्याच्यावर लावायचं, कारण घड्याळाला एकसारखी चाल हवी. स्पष्ट सूर्य म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसतो तो. तो कधी पुढे असतो, कधी मागे. पृथ्वीवर हा फरक सव्वासोळा-साडेसोळा मिनिटांच्या वर जात नाही, म्हणून आपल्याला रोजच्या व्यवहारात त्याचं नावही घ्यावं लागत नाही. मंगळावर तो एका टोकाला सुमारे ४० मिनिटं आणि दुसऱ्या टोकाला तब्बल ५१ मिनिटं होतो.

कारण कक्षेत आहे. मंगळाच्या कक्षेची उत्केंद्रता (लंबगोलपणा) ०.०९३४, पृथ्वीच्या साडेपाच पट. सूर्याजवळ असताना मंगळ धावतो, दूर गेल्यावर रेंगाळतो. या चढउतारामुळे येणारा फरक, म्हणजे मंदफल, एकटाच साडेदहा अंशांहून मोठा आहे, वेळेत सांगायचं तर सुमारे ४३ मिनिटं. त्यात अक्ष २५.१९ अंशांनी कललेला असल्यामुळे येणारा ११-१२ मिनिटांचा दुसरा हेलकावा मिसळतो. पृथ्वीवर या दोन गोष्टी तुल्यबळ आहेत, म्हणून वर्षभर रोज ठरलेल्या वेळी सूर्याचा फोटो घेतला तर इंग्रजी आठचा आकडा उमटतो. मंगळावर मंदफलाची सरशी होते आणि पाण्याच्या थेंबासारखा आकार येतो. मार्स२४ मध्ये ही आकृती काढता येते. एकदा काढून बघाच, मग या दोन वेळांबद्दल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

क्युरिऑसिटी उतरली तेव्हा मंदफल उणे १०.६५ अंश होतं आणि सगळं जमेस धरून स्पष्ट सूर्य मध्यम सूर्याच्या ८.२७ अंश, म्हणजे ३३ मिनिटं पुढे होता. मध्यम वेळ १५:०३, स्पष्ट वेळ १५:३६. ‘बरोबर वेळ कोणती’ याचं उत्तर तुम्ही वेळ कशासाठी विचारताय त्यावर ठरतं. कामाचं वेळापत्रक लावायचं असेल तर मध्यम. ऊन, सावली, सूर्योदय, सौरपट्ट्या यांचा संबंध आला की स्पष्ट. इथे लोक हमखास घसरतात: मध्यम वेळ घेऊन त्यावरून सूर्याची उंची काढतात. याच क्षणासाठी स्पष्ट वेळेने सूर्य क्षितिजापासून ३३.७ अंश वर येतो, मध्यम वेळेने ४१.५. आठ अंशांची चूक, आणि फोटोतली सावली लगेच ती पकडून देते. मी नवीन प्रोग्रॅम असाच तपासतो. रोव्हरच्या एखाद्या फोटोतल्या उभ्या खांबाची सावली बघायची आणि घड्याळ तीच दिशा सांगतंय का ते पाहायचं.

आणखी दोन-तीन खड्डे. पहिला प्रकाशाचा. उतरण्याची वेळ मी ०५:१७:५७ घेतली, पण पृथ्वीवर ती बातमी कळली ०५:३२ च्या सुमारास. त्या दिवशी संदेशाला यायला जवळपास १४ मिनिटं लागली. कुठल्याही मोहिमेची वेळ घेताना ती मंगळावरची घटना आहे की पृथ्वीवर संदेश पोहोचल्याची, हे न पाहता घेऊ नका. दुसरा खड्डा प्रोग्रॅमिंगचा. ज्युलियन दिनांक सिंगल प्रिसिजन फ्लोट या कमी अंक मावणाऱ्या प्रकारात ठेवला तर २४ लाखांच्या घरातल्या संख्येला त्यात पाव दिवसापेक्षा बारीक जागाच उरत नाही. मंगळ सहा तास स्तब्ध राहतो आणि मग टुणकन उडी मारतो. डबल हा दुप्पट जागेचा प्रकार वापरा, तिथे पायरी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही बारीक आहे. तिसरा, वर सांगितलेल्या पार्थिव काळाच्या फरकाचा: विसरलात तर घड्याळ मिनिटभर मागे राहील. नुसतं पाहण्यासाठी ते चालतं, दोन प्रोग्रॅम ताडून पाहताना मात्र तोच मिनिट डोकं खातो.

ऋतूंसाठी मार्स२४ ‘एल-एस’ नावाचा कोन दाखवतो. शून्य म्हणजे उत्तर गोलार्धातला वसंत संपात, ९० म्हणजे उत्तरेचा उन्हाळा सुरू, वगैरे. वर्ष ६६८.६ सोलचं आहे म्हणून रोज सारखे अंश वाढवत जाऊ नका. मंगळ धावतो-रेंगाळतो, त्यामुळे उत्तरेचा वसंत १९४ सोलच्या आसपास चालतो आणि शरद १४३ मध्येच आटोपतो. मंगळवर्षांची मोजणी ११ एप्रिल १९५५ पासून करायचा संशोधकांचा प्रघात आहे. त्या हिशोबाने ३८ वं वर्ष १२ नोव्हेंबर २०२४ ला लागलं.

आता ऊन. माझ्या मते प्रोग्रॅमचा खरा उपयोग इथे आहे आणि मर्यादाही इथेच आहे. सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो उत्तरेला वा दक्षिणेला किती अंश आहे), ठिकाणाचा अक्षांश आणि स्पष्ट वेळ एवढ्यावर उंची निघते. त्यात सूर्यापासूनचं अंतर धरलं की उन्हाची ताकद कळते. मंगळ सर्वांत जवळ असताना मिळणारं ऊन सर्वांत दूर असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असतं, आणि सर्वांत दूरचा बिंदू एल-एस ७१ ला येतो, म्हणजे दक्षिणेच्या हिवाळ्याच्या तोंडावर. दक्षिण गोलार्धातल्या सौरपट्ट्यांवर ही दुहेरी मार असते: सूर्य खाली आणि लांबही. स्पिरिट रोव्हर १४.६ अंश दक्षिणेला होता. ऐन हिवाळ्यात तिथे मध्यान्हीचा सूर्यसुद्धा उत्तरेकडे ५० अंशांच्या आसपासच थांबतो. म्हणून त्याला उत्तरेकडे झुकलेल्या उतारावर नेऊन उभं करत. २००९ मध्ये तो वाळूत रुतला, पुढच्या हिवाळ्यासाठी त्याला कलतं करता आलं नाही आणि २२ मार्च २०१० नंतर त्याच्याशी संपर्क झाला नाही. मार्स२४ मध्ये तारीख मागे नेऊन ते ठिकाण निवडा. उंचीचा आकडा सोलागणिक उतरत जाताना दिसतो.

फिनिक्स लँडरची गोष्ट उलटी. ६८.२ अंश उत्तर, २५ मे २००८ ला उतरला, ऐन उन्हाळा जवळ आलेला. पहिले जवळपास तीन महिने तिथे सूर्य मावळलाच नाही. तुमचं घड्याळ अशा ठिकाणी आपटेल, आधीच सांगून ठेवतो. सूर्यास्ताचा तासकोन (मध्यान्हीपासून सूर्य किती अंश सरकला तो) काढायला अक्षांशाचा टॅन आणि क्रांतीचा टॅन गुणून उणे करतात आणि त्याचा व्यस्त कोसाइन घेतात. फिनिक्सच्या बाबतीत ही संख्या उणे १.१५ येते. असा कोसाइन नसतोच, प्रोग्रॅम ‘संख्या नाही’ म्हणतो आणि पडदा कोरा पडतो. उणे एकच्या खाली गेलं तर ‘सूर्य मावळत नाही’, एकच्या वर गेलं तर ‘उगवत नाही’ असं लिहायला लावा.

गणिताला जे ठाऊक नाही तेही ध्यानात असू द्या. दिवस-रात्रीची रेघ तो गुळगुळीत गोळ्यावर ओढतो. गेल विवराची कड, मधला डोंगर, खोल दऱ्या यांची सावली त्यात नसते. विवराच्या तळाशी सूर्य गणितापेक्षा उशिरा वर येऊ शकतो. धूळ तर मुळीच नसते. जून २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटीच्या ठिकाणी भर दुपारी काळोख झाला. १० जून हा तिच्याशी झालेला शेवटचा संपर्क. त्या दिवशीही हा प्रोग्रॅम तिथे स्वच्छ दिवस दाखवेल, आणि त्याच्या परीने ते बरोबरच आहे: सूर्य तिथे वर होता, फक्त खाली पोहोचत नव्हता. संध्याकाळचंही तसंच. हवेत तरंगणाऱ्या धुळीमुळे सूर्य गेल्यावरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. प्रोग्रॅमने सूर्यास्त सांगितला म्हणजे काळोख झाला असं धरू नका.

शेवटचा मुद्दा मोहिमांच्या घड्याळांचा. कारण उद्या तुम्ही नासाच्या पानावरचा सोल तुमच्या सोलशी जुळवायला जाल आणि एकाने चुकाल. क्युरिऑसिटी, फिनिक्स, इनसाइट, पर्सिव्हिअरन्स यांनी उतरण्याच्या सोलला शून्य म्हटलं. पाथफाइंडर, स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी यांनी एक. वेळही प्रत्येकाची निराळी. पाथफाइंडरचं घड्याळ स्पष्ट सूर्यावर होतं, क्युरिऑसिटीचं मध्यम सूर्यावर. स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटीला तडजोडीची वेळ दिली होती: चाल मध्यम सूर्याची, पण ९० सोलच्या नियोजित मोहिमेच्या मध्यावर स्पष्ट सूर्याशी जुळेल अशी सरकवलेली. त्या काळी मोहिमेवरची माणसं रोज आदल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा कामावर यायची आणि काहींच्या मनगटावर खास मंद केलेली यांत्रिक घड्याळं होती. ऑपॉर्च्युनिटी १४ वर्षांहून जास्त चालली, पण घड्याळ त्या ९० सोलांच्या बेताचंच राहिलं. त्यामुळे तिच्या नोंदीतली वेळ मार्स२४ च्या दोन्ही वेळांशी जुळली नाही तर घाबरू नका.

हे सगळं हौसेपुरतं पुरून उरतं. खऱ्या मोहिमेच्या आकडेवारीवर काम करणार असाल तर नासाचं स्पाइस हे साधन शिका. त्यात लीप सेकंदांची वेगळी फाइल असते आणि स्थानिक सौरवेळ देणारं तयार फंक्शनही आहे. मात्र ते फंक्शन स्पष्ट वेळ देतं, मध्यम नाही. अनेकजण ती मध्यम समजून पुन्हा दुरुस्ती करतात.

आता तुमच्या प्रोग्रॅममध्ये रेखांश २२२.५६ पश्चिम करून तोच क्षण परत चालवा. मध्यम १५:०३, स्पष्ट १५:३६, एल-एस १५०.७, सूर्याची उंची ३४ च्या जवळ आणि सोल शून्य, असं पडद्यावर दिसलं पाहिजे. उंची ४१ आली तर स्पष्ट वेळ कुठेतरी गाळली आहे. सोल उणे एक दाखवत असेल तर सोलची गणना गेलच्या मध्यरात्रीऐवजी एअरी-० च्या मध्यरात्रीपासून होतेय.